पहिला हॉरर गेम कोणत्या इंजिनवर करावा? धाब्याच्या एका घराच्या निमित्ताने

धुळ्याला संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा हा प्रश्न आहे. अमळनेर तालुक्यात त्याच्या आजोळचे धाब्याचे, म्हणजे लाकडी फळ्यांवर माती घातलेल्या सपाट छताचे, जुने घर सध्या ओस पडले आहे आणि त्या घरावर त्याला हॉरर गेम करायचा आहे. त्याच्याकडे ८ जीबी रॅमचा, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप आहे. सी प्लस प्लस बऱ्यापैकी येते आणि ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरशी नुकतीच ओळख झाली आहे. ‘ॲम्नीजिया’ या हॉरर गेमचे इंजिन, म्हणजे ज्यावर गेम बांधला जातो ते मूळ सॉफ्टवेअर, आता मुक्त झाले असल्याचे त्याने वाचले आहे. तेच घ्यावे, की युनिटी, अनरियल, गोडो यांपैकी एखादे घ्यावे, त्या जुन्या इंजिनवर केलेला गेम विकता येईल का, आणि गेममध्ये भीती नेमकी कशाने निर्माण होते, असे त्याने विचारले आहे.

उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. पहिले तीन महिने ‘ॲम्नीजिया: द डार्क डिसेंट’ हा मूळ गेम विकत घेऊन त्याच्या एचपीएल २ इंजिनवर ‘कस्टम स्टोरी’ म्हणून, म्हणजे मूळ गेमच्याच साहित्यावर रचलेली स्वतःची गोष्ट म्हणून, एकच घर तयार करावे. या काळात इंजिनच्या सोर्स कोडला हात लावू नये. ते घर चार-पाच जणांकडून खेळून घेतल्यावर स्वतंत्र गेम करण्याची इच्छा टिकून असेल, तर तो गोडोमध्ये नव्याने बांधावा. मी गेली तेरा वर्षे जळगावात राहून बाहेरच्या स्टुडिओंसाठी लेव्हल डिझाइन आणि प्रकाशयोजनेची कामे करतो आहे. या काळात मोठ्या इंजिनपासून सुरुवात करून सहा महिन्यांनी फक्त मेनू स्क्रीन हाती असलेली बरीच मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांत एकेकाळी मीही होतो.

एचपीएल ही अक्षरे अमेरिकन भयकथाकार हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स या छोट्या स्टुडिओने हे इंजिन स्वतःच्या गेमसाठी लिहिले. त्याच्या पहिल्या आवृत्तीवर २००७ मध्ये ‘पेनम्ब्रा’ मालिका सुरू झाली, दुसरीवर २०१० मध्ये ‘द डार्क डिसेंट’ आला आणि तिसरीवर २०१५ मध्ये ‘सोमा’. पहिल्या आवृत्तीचा कोड २०१० मध्ये आणि दुसरीचा सप्टेंबर २०२० मध्ये जीपीएल ३ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला करण्यात आला. तुम्ही जे वाचले ते या दुसऱ्या घटनेबद्दल आहे. मात्र खुला झाला तो फक्त कोड. मूळ गेममधील मॉडेल, टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली पृष्ठभागाची चित्रे) आणि आवाज खुले झालेले नाहीत, हा भेद पुढे विक्रीचा प्रश्न येईल तेव्हा महत्त्वाचा ठरेल.

इतक्या जुन्या इंजिनची शिफारस करण्यामागचे कारण असे की, कोणतेही इंजिन खेळाडूच्या हाताला काय करता येईल हे आधीच थोडेफार ठरवून ठेवते. सर्वसाधारण कामाचे इंजिन उघडले की समोर रिकामी जागा दिसते, आणि दार, कंदील, कपाट, चाहूल या गोष्टी एकेक करून तुम्हालाच उभ्या कराव्या लागतात. एचपीएल २ मध्ये त्या आधीपासून आहेत, कारण ज्यांनी ते लिहिले त्यांचा गेमच या गोष्टींचा होता. ‘द डार्क डिसेंट’मध्ये खेळाडूला शस्त्र नाही. दार ढकलणे, दिवा लावणे, लपणे आणि पळणे एवढेच त्याच्या हाती आहे, आणि तुमच्या आजोळच्या घरात रात्री अडकलेल्या माणसालाही याहून वेगळे काही करता येणार नाही.

दाराचेच उदाहरण घेऊ. बहुतेक गेममध्ये कळ दाबली की दार उघडते. एचपीएलमध्ये माउसचे बटण दाबून धरावे लागते आणि हात जेवढा मागे घ्याल तेवढेच दार उघडते, कारण ते दार म्हणजे भौतिकीच्या नियमांनी बांधलेली, बिजागरीवर फिरणारी वस्तू आहे. त्यामुळे खेळाडू दार बोटभर उघडून फटीतून पाहू शकतो आणि घाबरला तर धाडकन लोटूनही देतो. मॉडेल एडिटरमध्ये असे सांधे जोडण्याची सोय आहे. दाराला बिजागरी द्यावी, अडसराला सरकता सांधा द्यावा. धाब्याच्या घराच्या दुपाखी दाराला आतून आडवा अडसर असतो, तो भिंतीतल्या खोबणीतून हाताने ओढून काढायचा असतो. पाठीमागे चाहूल लागलेली असताना तो अडसर अर्ध्यावर अडकला तर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा. माजघराचे दार मुद्दाम ठेंगणे करा, म्हणजे वाकल्याशिवाय आत जाता येणार नाही. वाकलेल्या खेळाडूचा वेग कमी होतो आणि नजर जमिनीजवळ येते, म्हणजे एक ओळही स्क्रिप्ट न लिहिता त्या उंबऱ्यावर तो असहाय होतो.

प्रकाशाकडे मात्र जास्त वेळ द्यावा लागेल, कारण नवख्यांचे बहुतेक नकाशे, म्हणजे गेममधल्या खेळायच्या जागा, इथेच बिघडतात. एचपीएल २ मध्ये तीन प्रकारचे दिवे आहेत. पॉइंट लाइट चहूकडे प्रकाश टाकतो, पण सावली पाडत नाही. स्पॉट लाइट एका दिशेने जातो आणि सावली पाडू शकतो. बॉक्स लाइट ठरावीक चौकोनी जागेत सारखा, मंद उजेड भरतो. पहिल्या दिवशी सगळे पॉइंट लाइटच वापरतात आणि खोली सपाट दिसू लागते. मी माझ्या पहिल्या नकाशात एका चौकात अकरा नारिंगी पॉइंट लाइट ठेवले होते, आणि तो चौक झपाटलेला वाटण्याऐवजी दिवाळीत सजवलेल्या कापडाच्या दुकानासारखा दिसत होता.

प्रत्येक दिव्याला त्या घरातले कारण असले पाहिजे, म्हणजे कंदील, चूल, देवघरातली समई किंवा धाब्याला ठेवलेला झरोका यांपैकी काहीतरी. झरोक्यासाठी सावली पाडणारा एकच स्पॉट लाइट वरून खाली सोडा. खोलीभर अगदी मंद, किंचित निळसर बॉक्स लाइट ठेवा, म्हणजे खांबांच्या आणि कोनाड्यांच्या कडा जेमतेम कळतील. संपूर्ण काळोख करू नका. पूर्ण काळ्या पडद्यावर खेळाडूला काळोख न दिसता स्वतःचा मॉनिटर दिसतो, आणि तो लगेच सेटिंगमध्ये जाऊन उजेड वाढवतो. एकदा तो वाढवला की तुमची सगळी प्रकाशयोजना वाया गेली. दुसरी नेहमीची चूक म्हणजे भिंतीचे टेक्स्चरच काळपट रंगवणे. मातीने सारवलेल्या भिंतीचे टेक्स्चर दिवसा जसे दिसते तसेच ठेवावे आणि अंधार दिव्यांनी करावा. टेक्स्चर काळे असेल तर कंदील जवळ नेला तरी भिंत उजळत नाही, आणि कंदील हातात असल्याचा अर्थच उरत नाही.

‘द डार्क डिसेंट’ची मूळ रचना इथे समजून घेण्यासारखी आहे. अंधारात राहिले की नायकाचे मन ढासळू लागते, दृश्य डळमळते आणि नाही ते आवाज येऊ लागतात. उजेडात आले की मन सावरते, पण शत्रूच्या नजरेला तो लवकर पडतो. कंदिलाचे तेल मोजके असते आणि भिंतीवरच्या मशाली पेटवण्यासाठी मिळणारी साधनेही मोजकीच असतात. म्हणजे लपण्यासाठी अंधार हवा आणि शुद्धीवर राहण्यासाठी उजेड हवा, अशा कोंडीत खेळाडू कायम असतो. ही व्यवस्था कस्टम स्टोरीत तुम्हाला आयती मिळते, फक्त तेल किती आणि कुठे ठेवायचे एवढेच ठरवावे लागते. माझा सल्ला असा आहे की, तुम्हाला पुरेसे वाटते त्याच्या निम्मे ठेवा आणि पहिली बाटली अशा कोनाड्यात ठेवा की ती घेताना खेळाडूची पाठ दाराकडे होईल.

आवाजाच्या बाबतीत आधी एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण तिने माझे दोन दिवस खाल्ले होते. एचपीएल २ आवाजासाठी ओपनएएल ही प्रणाली वापरते, आणि ओपनएएल फक्त मोनो आवाजालाच दिशा व अंतर देते. स्टीरिओ फाइल दिली तर ती चालते, पण डोक्यात सगळीकडून सारखीच वाजते, आणि डावीकडच्या खोलीतला आवाज डावीकडून येत नाही. त्यामुळे जागेशी बांधलेला प्रत्येक आवाज मोनो करून ऑग फाइलमध्ये ठेवा आणि स्टीरिओ फक्त पार्श्वसंगीतासाठी वापरा. प्रत्येक आवाजासाठी एक छोटी वर्णनाची फाइल लिहायची असते. तीत पूर्ण तीव्रतेने किती अंतरापर्यंत ऐकू यावे, कुठे विरावे आणि किती वेळाने पुन्हा वाजावे हे सांगता येते.

आवाज आयते उतरवून घेऊ नका. इंटरनेटवर मिळणारी किंचाळी आणि विजेचा कडकडाट खेळाडूने शंभरदा ऐकलेला असतो. आपल्या भागात रात्री काय ऐकू येते ते फोनवर रेकॉर्ड करा. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या बागेत उन्हाळ्याच्या रात्री जाऊन उभे राहिले, तर वाळलेली पाने खोडावर घासताना हुबेहूब कोणीतरी पाय ओढत चालल्यासारखे वाटते. मी तो आवाज एका नकाशात परसाच्या भिंतीपलीकडे ठेवला होता. बाहेरच्या खेळाडूंना तो पावलांचा वाटला. आमच्याकडच्यांना तो केळीचा आहे हे कळले, आणि ‘पण या घराजवळ बाग तर नाही’ हे लक्षात आल्यावर ते जास्त अस्वस्थ झाले.

त्याच नकाशात मी एक राक्षसी आकृतीही घातली होती, तिचे मॉडेल करण्यात तीन आठवडे गेले होते आणि माझा भाचा तिला पाहून हसला. मी ती काढून टाकली आणि वरच्या खोलीत जात्याची घरघर ठेवली. ओळखीच्या एका आजींनी रेकॉर्डिंगसाठी खरेच मूठभर ज्वारी दळून दिली होती. जात्याचा आवाज आपल्याला घाबरवत नाही, तो पहाटेचा आणि घरपणाचा आवाज आहे. पण गेममधले घड्याळ रात्रीचे दीड वाजल्याचे दाखवत असताना, ज्या घरात कोणी राहत नाही तिथे तो सुरू होतो, जिना चढू लागले की थांबतो आणि माघारी फिरले की पुन्हा सुरू होतो. भाच्याने त्या रात्री जिना चढण्याचे नाव काढले नाही.

संवाद ठेवायचे असतील तर अहिराणीत ठेवा आणि अगदी थोडे ठेवा. दाराआडून म्हाताऱ्या बाईने हळूच ‘कोन शे रे?’ एवढेच विचारले तरी खानदेशातल्या खेळाडूला ती कोणाची तरी आजी वाटेल, आणि तिला उत्तर द्यावे की न द्यावे हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहील. प्रमाण मराठीत तेच विचारले तर ते नाटकातले वाटते.

आता शत्रूविषयी. ‘द डार्क डिसेंट’च्या सुरुवातीच्या भागात पाणी साचलेले तळघर आहे, आणि त्या पाण्यातला प्राणी अदृश्य आहे. त्याचे मॉडेल दिसतच नाही, दिसतात ते पाण्यावर उमटणारे पावलांचे शिंतोडे. खेळाडू पेटाऱ्यांवरून उड्या मारत जातो आणि शिंतोडे त्याच्या दिशेने सरकतात. तयार करायला कदाचित सर्वांत स्वस्त असलेला हा शत्रू त्या गेममध्ये सर्वांत जास्त लक्षात राहतो. तुमच्याकडे चित्रकार नाही आणि ॲनिमेशन करणारा नाही, तेव्हा हाच धडा गिरवा, पण पाणी उसने घेऊ नका. धाब्याच्या घरात याचे उत्तर डोक्यावरच आहे.

धाब्यावर कोणी चालले की लाकडी फळ्यांच्या फटींतून खाली माती गळते, हे अशा घरात उन्हाळ्याची सुट्टी काढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तुमचा शत्रू वर चालू द्या. खाली त्याची फक्त माती दिसेल.

हे करायला कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे काही लागत नाही. लेव्हल एडिटरमध्ये घराच्या जमिनीचे समजा बारा भाग पाडा आणि प्रत्येक भागावर एक स्क्रिप्ट एरिया, म्हणजे स्क्रिप्टला ओळखता येणारी अदृश्य जागा, ठेवा. त्याच्या बरोबर वर, छतालगत, दुसरा रिकामा एरिया ठेवा, माती आणि आवाज तिथून सोडायचे आहेत. खेळाडू खालच्या एरियात शिरला की कोलाइड कॉलबॅक (त्या जागेला स्पर्श झाल्यावर आपोआप चालणारे फंक्शन) लागतो आणि तुम्ही एका लोकल व्हेरिएबलमध्ये ‘खेळाडू सातव्या भागात’ असे लिहून ठेवता. दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ‘वरचा’ कुठे आहे ते लिहिलेले असते. दीड सेकंदाचा एक टायमर लावा. तो संपला की वरच्याचा आकडा खेळाडूच्या दिशेने एका भागाने सरकवायचा, तिथे मातीच्या कणांचा पार्टिकल इफेक्ट आणि दबक्या पावलाचा आवाज सोडायचा आणि टायमर स्वतःच पुन्हा लावायचा. खेळाडू वाकून चालत असेल तर टायमर तीन सेकंदांचा करा, पळत असेल तर एक सेकंदाचा. वरचा आणि खेळाडू एकाच भागात आले की काहीच करू नका. पाऊल थांबेल आणि माती थांबेल. खेळाडू वर पाहत उभा राहील.

त्यानंतरचा क्षण झरोक्याचा आहे. वरून येणाऱ्या चांदण्याचा चौकोन जमिनीवर पडलेला असतो, आणि खेळाडूने तो बऱ्याच वेळापासून पाहिलेला असतो. वरचा झरोक्याच्या भागात पोहोचला की त्या स्पॉट लाइटची तीव्रता अर्ध्या सेकंदात शून्यावर आणा, तीन सेकंद तशीच ठेवा आणि मग हळूहळू परत आणा. त्या वेळी संगीत नको, किंचाळी नको, मागे वाजत असलेली वाऱ्याची फाइलही आधीच बंद केलेली असावी. कोणीतरी झरोक्यातून आत डोकावले एवढेच खेळाडूला कळेल. माझ्या माहितीत याहून कमी खर्चात याहून मोठा परिणाम होत नाही. हा प्रसंग गेममध्ये एकदाच ठेवा. दुसऱ्यांदा तो चौकोन झाकला गेला की खेळाडू सेकंद मोजू लागतो.

शत्रूने खेळाडूचा माग कसा काढावा याचा एक वेगळा नमुनाही पाहून ठेवा. २०१४ च्या ‘एलियन: आयसोलेशन’मध्ये हे काम दोन थरांत विभागलेले आहे. वरच्या थराला खेळाडू कुठे आहे हे नेहमी ठाऊक असते आणि तो प्राण्याला अधूनमधून त्या परिसराकडे वळवतो. प्रत्यक्ष प्राण्याला मात्र खेळाडू फक्त पाहून आणि ऐकूनच शोधावा लागतो. खेळाडूवरचा ताण फार वाढला की वरचा थर प्राण्याला मागे घेतो. तुमच्या टायमरमध्येही अशी सवलत ठेवा, चार-पाच मिनिटांनी वरच्याला घराच्या दुसऱ्या टोकाला पाठवून द्या. सतत डोक्यावर चालणाऱ्याची सवय होते.

स्क्रिप्टिंगची भाषा अँजेलस्क्रिप्ट आहे. तुम्हाला सी प्लस प्लस येत असल्याने ती दोन दिवसांत हाताला बसेल. प्रत्येक नकाशाला त्याच नावाची एक स्क्रिप्ट फाइल असते आणि तीत नकाशा पहिल्यांदा सुरू होताना, दरवेळी आत येताना आणि बाहेर जाताना चालणारी तीन फंक्शन्स असतात. बाकी सगळे त्यांच्यातून बांधायचे. त्रास भाषेपेक्षा तिच्या गप्प बसण्याचा होतो. वाक्यरचना चुकली तर गेम सुरूच होत नाही, ओळ क्रमांकासह चूक दाखवतो आणि तुम्ही ती दुरुस्त करता. त्यातही महिरपी कंस बंद करायचा राहिला तर तो फाइलची शेवटची ओळ दाखवतो आणि कंस वर कुठेतरी राहिलेला असतो. पण कॉलबॅकमध्ये अवतरणात लिहिलेले फंक्शनचे नाव आणि खालचे खरे नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तर चूक कुठेच दिसत नाही. नुसते काही घडत नाही. एडिटरमधल्या वस्तूच्या नावाचेही तेच. म्हणून नावे कॉपी करूनच चिकटवा, आणि नवीन कॉलबॅक जोडला की त्यात आधी फक्त एक डीबग संदेश छापून पाहा. तो दिसला तरच पुढचे लिहा.

याच कॉलबॅकच्या शेवटच्या दोन जागांकडे लक्ष द्या. एका जागी ‘एकदा घडल्यावर काढून टाकायचे का’ हे हो किंवा नाहीमध्ये सांगायचे असते, आणि दुसऱ्या जागी एक हा आकडा आत शिरताना, उणे एक बाहेर पडताना आणि शून्य दोन्ही वेळी असा अर्थ देतो. मातीच्या खेळात खालचे बारा कॉलबॅक काढून टाकायचे नाहीत, झरोक्याचा प्रसंग मात्र एकदाच घडायचा आहे. पहिल्या वेळी मी हे नेमके उलटे लिहिले होते, आणि खेळाडू एक फेरी मारून आला की वरच्याला तो कुठे आहे हे कळेनासे व्हायचे.

आणखी एक सवय लावून घ्या. इंजिन नकाशा जलद उघडण्यासाठी त्याची कॅश फाइल तयार करून ठेवते. एडिटरमध्ये बदल करूनही गेममध्ये जुनेच घर दिसत असेल, तर डोके आपटून घेण्याआधी ती कॅश फाइल पुसा. नकाशा बदलल्यावर जुन्या सेव्हवरून चाचणीही करू नका. सेव्हमध्ये वस्तूंची आणि टायमरची जुनी स्थिती साठवलेली असते, त्यामुळे अशा चुका दिसतात की ज्या स्क्रिप्टमध्ये नसतातच.

मराठीत गेम करणाऱ्यांसाठी एक अडचण वेगळी सांगितली पाहिजे, कारण परदेशी मार्गदर्शिकांत ती सापडत नाही. एचपीएल २ मध्ये अक्षरे चित्रांच्या तक्त्यातून एकेक उचलून ओळीत मांडली जातात. इंग्रजीला ते पुरते. देवनागरीत मात्र वेलांटी अक्षराच्या आधी यावी लागते, रफार वर चढावा लागतो, जोडाक्षरे जुळावी लागतात, आणि यांपैकी काहीही तिथे होत नाही. ‘वाडा’ कसाबसा दिसेल, पण ‘अर्धी किल्ली’ची पार वाट लागेल. या इंजिनवर असेपर्यंत यावर उपाय म्हणजे मराठी मजकूर चित्र म्हणून ठेवणे. चिठ्ठी, खातेवही, भिंतीवर कोळशाने लिहिलेले शब्द हे सगळे कागदावर हाताने लिहा, फोटो काढा आणि टेक्स्चर म्हणून लावा. हाताच्या लिखाणाला जी थरथर असते ती फॉन्टला कधीच येत नाही, त्यामुळे ही अडचण खरे तर पथ्यावरच पडते. तुमच्या घरात जुनी मोडीतली कागदपत्रे सापडली, तर त्यांतली खाजगी नावे वगळून तीही वापरता येतील.

स्वतंत्र गेमसाठी गोडो सुचवण्यामागे हेच मोठे कारण आहे. २०२३ च्या गोडो ४ पासून त्यात देवनागरीची जुळणी नीट होते. अनरियलमध्येही होते. युनिटीच्या टेक्स्ट मेश प्रो या मजकूर दाखवण्याच्या नेहमीच्या साधनात ती आपोआप होत नाही, वेगळी खटपट करावी लागते. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले आणि वर्षभराने ते मागे घेतले, त्या काळात अनेक छोट्या निर्मात्यांचा तिच्यावरचा विश्वास डळमळला. माझे स्वतःचे पोटापाण्याचे काम मात्र आजही युनिटीवरच चालते, त्यामुळे नोकरी हा उद्देश असेल तर तिला टाळू नका. अनरियलचा प्रकाश डोळे दिपवणारा आहे आणि एका गेमचे उत्पन्न दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्यावरच ते पाच टक्के मागतात, पण तुमच्या लॅपटॉपवर त्याचा एडिटर उघडेपर्यंत चहा पिऊन होईल. गोडो एमआयटी परवान्याखाली आहे, कोणाला काही द्यावे लागत नाही, आणि त्याचा कमी क्षमतेच्या ग्राफिक्ससाठीचा कॉम्पॅटिबिलिटी रेंडरर तुमच्या यंत्रावर बऱ्यापैकी चालेल. त्यात व्हॉल्यूमेट्रिक, म्हणजे जागा भरून राहणारे, धुके मिळत नाही, तेव्हा धुक्यावर विसंबून काही योजू नका. लाइटमॅप बेक करायचे असतील, म्हणजे प्रकाश आधीच मोजून साठवायचा असेल, तर ते एप्रिल-मे महिन्यांत दुपारी लावू नका. आपल्याकडच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत पंख्याखालचा लॅपटॉपही स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि पहाटे अर्ध्या तासात होणाऱ्या कामाला दुपारी दुप्पट वेळ लागतो.

एचपीएल २ वरच राहून गेम विकता येईल का, असाही तुमचा उपप्रश्न होता. येईल, पण दोन अटींवर. ‘ॲम्नीजिया’तले एकही मॉडेल, टेक्स्चर किंवा आवाज त्यात असता कामा नये. आणि जीपीएलनुसार इंजिनची मूळ किंवा बदललेली जी आवृत्ती ज्यांना द्याल त्यांना तिचा सोर्स कोडही द्यावा लागेल. तुमची स्वतःची मॉडेल आणि आवाज तुमचेच राहतात. कस्टम स्टोरी मात्र मोफतच वाटायची असते आणि ती खेळणाऱ्याकडे मूळ गेम असावा लागतो. म्हणूनच ब्लेंडरमध्ये केलेले अडसर, दुपाखी दार, जाते आणि रेकॉर्ड केलेले आवाज पहिल्या दिवसापासून वेगळ्या फोल्डरमध्ये नीट नावे देऊन ठेवा. एचपीएलसाठी मॉडेल कोलाडा फाइलमध्ये द्यावे लागते, पण ब्लेंडरची मूळ फाइल जपा, पुढे गोडोत तीच कामाला येईल.

राहिली चाचणी. घर उभे राहिले की मित्राला रात्री बोलवा, हेडफोन द्या, दिवा मालवा आणि स्वतः त्याच्या मागे बाजूला, तोंड बंद ठेवून बसा. ‘इथे वर बघ’, ‘ते दार ओढायचे आहे’ असे एकदाही सांगायचे नाही. त्याच्या पडद्याकडे पाहू नका, माउसवरच्या हाताकडे पाहा. हात कोणत्या मिनिटाला थांबला, कधी माउस सोडून मांडीवर गेला, कधी कंटाळून भराभर फिरू लागला, एवढेच वहीत टिपा. नंतर त्याला विचारले तर तो ‘भारी आहे’ असेच म्हणेल, मित्र आहे तो. वहीतले मिनिट आणि तुमच्या टायमरची वेळ शेजारी ठेवा. जिथे हात थांबला तिथले काही बदलू नका. जिथे तो भराभर फिरला, त्या खोलीतून निम्म्या वस्तू काढा आणि दुसऱ्या मित्राला बोलवा, कारण पहिल्याला आता माती कुठून गळते ते ठाऊक झाले आहे.